केमोथेरपी आणि पितृत्वाची चिंता

प्रश्न : वय २७, अविवाहित. हॉजकिन लिम्फोमासाठी ‘एबीव्हीडी’ केमोथेरपी ठरली आहे. पुढे अपत्य होईल ना? त्वचेच्या बुरशीसाठी केटोकोनाझोलच्या गोळ्याही चालू आहेत.

उत्तर : मुख्यतः शीघ्र विभाजन पावणाऱ्या पेशींवर ही औषधे घाला घालीत असल्यामुळे अर्बुदाबरोबर वृषणांतील शुक्रजनक पेशीही त्यांच्या तडाख्यात सापडतात, तथापि प्रोकार्बझिनयुक्त जुन्या ‘मॉप’ उपचाराने बहुसंख्य पुरुषांना जे कायमचे वंध्यत्व येई, ते तुमच्या उपचारात क्वचितच येते, आणि घटलेली शुक्रसंख्या बहुधा कालांतराने पूर्वपदावर येते. टेस्टोस्टेरॉन निर्माण करणाऱ्या पेशी अधिक चिवट असतात, म्हणून कामसामर्थ्य शाबूत आहे एवढ्यावरून बीजही शाबूत असल्याचा दाखला कोणी मानू नये.

आपण अखेरीस लिहिलेली बाब वस्तुतः प्रथम लिहावयास हवी होती : केटोकोनाझोल टेस्टोस्टेरॉनची निर्मिती रोधते, शिवाय यकृतात ‘एबीव्हीडी’तील व्हिन्ब्लास्टिनचा निचरा अडवून त्याची विषाक्तता वाढविते, कर्करोगतज्ज्ञांस त्याची इत्तला आजच द्यावी. पहिल्या मात्रेपूर्वी वीर्य गोठवून पेढीत जमा करावे. रोगामुळे संख्या आधीच घटली असली तरी हरकत नाही, कारण शुक्राणू थेट स्त्रीबीजात टोचण्याच्या ‘इक्सी’ पद्धतीत एका स्त्रीबीजास एकच शुक्राणू पुरतो. उपचारकाळात विवाह झाल्यास तेव्हा, आणि उपचारानंतर निदान सहा महिने, गर्भनिरोध पाळावा.