जायंट्सच्या अकादमीत निघालेल्या भाच्यास

मेलबर्न

चि. बाळास,


ग्रेटर वेस्टर्न सिडनी जायंट्सच्या अकादमीत तुझी निवड झाली, हे दादाने फोनवर सांगितलं. मनापासून अभिनंदन. पश्चिम सिडनीत शाळेच्या मैदानावर मुलांच्या हाती आधी येतो तो रग्बी लीगचा चेंडू, आणि आपल्या घरांत येते ती क्रिकेटची बॅट. तिथे राहून तू फुटी (ऑस्ट्रेलियन फुटबॉल) निवडलीस आणि पंधराव्या वर्षी इथवर आलास, याचा मला फार अभिमान वाटतो.

तुला ठाऊक आहे, मी इथे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आणि सुट्टीच्या दिवशी मुलांच्या सामन्यांना मैदानाच्या कडेला उभी असते. अकादमीत गेलेली मुलं मी पाहिली, तिथून वर गेलेली पाहिली आणि घरी परतलेलीही पाहिली. त्यावरून तुला एकच गोष्ट सांगायची आहे: अकादमी जे शिकवेल ते सगळं घे, पण स्वतःची किंमत ड्राफ्टच्या, म्हणजे क्लब नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्या, यादीवर ठरवू नकोस. बाकीचं पत्र म्हणजे याच एका गोष्टीचा विस्तार आहे.

ही अकादमी मुळात कशासाठी आहे ते आधी समजून घे. फुटीचा ऑस्ट्रेलिया आणि रग्बीचा ऑस्ट्रेलिया यांच्यामध्ये एक अदृश्य रेषा आहे. इतिहासकार इयान टर्नर यांनी १९७८ साली तिला रॉन बरासी या थोर खेळाडूचं नाव दिलं. रेषेच्या एका बाजूला व्हिक्टोरिया, दक्षिण ऑस्ट्रेलिया, पश्चिम ऑस्ट्रेलिया आणि टास्मानिया. दुसऱ्या बाजूला क्वीन्सलंड आणि न्यू साउथ वेल्सचा बहुतेक भाग. तू त्या दुसऱ्या बाजूचा. साउथ मेलबर्नचा क्लब १९८२ मध्ये याच बाजूला, सिडनीला हलला. पुढे २०११ मध्ये गोल्ड कोस्ट सन्स आणि २०१२ मध्ये जायंट्स राष्ट्रीय फुटी लीगमध्ये उतरले. पण या भागात पिढ्यान्‌पिढ्या फुटी खेळणारी घरं कमी, म्हणून २०१० पासून उत्तरेच्या क्लबांनी आपापल्या अकादम्या उभ्या करायला घेतल्या. यात लीगला नवा प्रदेश हवा असतो, क्लबला खेळाडू हवे असतात आणि तुला शिक्षण हवं असतं. आज तिघांचं हित एका वाटेवर आहे. पुढेही ते तसंच राहील, असं कुणी लिहून दिलेलं नाही.

ज्या वर्षी तू अठरा पूर्ण करशील, त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या एखाद्या क्लबने तुझं नाव पुकारलं, तर जायंट्सना ती बोली जुळवून तुला आपल्याकडे घेता येईल. त्यासाठी त्यांना आपल्या निवडींचे गुण (पॉइंट्स) खर्च करावे लागतील. या हिशेबात तुझा काही हात नाही. आयझॅक हीनी न्यूकॅसलकडचा मुलगा, सिडनी स्वान्सच्या अकादमीत घडलेला. २०१४ मध्ये मेलबर्न क्लबने त्याच्यासाठी दुसऱ्या क्रमांकाची बोली लावली, आणि तेव्हाच्या नियमामुळे स्वान्सना तो अठराव्या क्रमांकाच्या निवडीवर मिळाला. इतर क्लब नाराज झाले आणि पुढच्याच वर्षी गुणांची पद्धत आली. हीनीच्या खेळात तसूभरही फरक पडला नव्हता. बदलला होता फक्त त्याच्यासाठी द्यावा लागणारा भाव. भाव आणि गुणवत्ता या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत, हे तू आताच मनात पक्कं कर.

आणखी काही नावं सांगते. हॅरिस अँड्र्यूज ब्रिस्बेन लायन्सच्या अकादमीतला. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये त्याचा क्रमांक ६१ वा होता. दहा वर्षांनी, २०२४ मध्ये, लायन्सनी विजेतेपद पटकावलं तेव्हा तो संघाच्या दोन कर्णधारांपैकी एक होता. एरॉल गुल्डन स्वान्सच्या अकादमीतला, चणीने लहान. २०२० मध्ये त्याची निवड ३२ वी आणि २०२३ मध्ये तो हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या ऑल-ऑस्ट्रेलियन संघात. मार्लियन पिकेट तर वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, २०१९ च्या हंगामाच्या मध्यावर निवडला गेला आणि रिचमंडकडून आपला पहिलाच सामना ग्रँड फायनलमध्ये खेळला. अठराव्या वर्षी दार बंद झालं म्हणजे सगळं संपलं, असं या खेळाचा इतिहास सांगत नाही.

तरीही तुला खोटी आशा लावणार नाही. साऱ्या देशातून वर्षाला साधारण साठ-सत्तर मुलं राष्ट्रीय ड्राफ्टमध्ये निवडली जातात. तुझ्या अकादमीतल्या बहुतेक मुलांचं नाव त्या रात्री घेतलं जाणार नाही. तुझे आजोबा तरुणपणी कोल्हापूरला तालमीत जात. तिथे मोठे पैलवान लहान पोरांकडून जोर-बैठका काढून घेत, हौद्यातली माती सगळ्यांनी मिळून उकरायची. त्या पोरांतला एखादाच पुढे नावाजलेला मल्ल व्हायचा. पण उरलेल्यांचं तालमीत जाणं वाया गेलं, असं गावात कुणी म्हटलं नाही. शरीर, शिस्त आणि सोबती त्यांना जन्मभर पुरले. अकादमीकडे तूही तसंच बघ.

आता तिथे काय घ्यायचं ते सांगते. सगळ्यात आधी दुसरा पाय. तू उजव्या पायाचा. शनिवारच्या सामन्यात उजव्या पायावर भागून जातं, कारण समोरचा मुलगा तुला वळायला वेळ देतो. वरच्या पातळीवर तो वेळ मिळत नाही. ड्रॉप पंटची किक डाव्या पायाने शिकताना चेंडू वर उडवू नकोस. हाताने पायाकडे नेऊन सरळ उभा सोड, पायाच्या वरच्या कडक भागावर तो बसू दे, म्हणजे मागे फिरत सरळ जाईल. सुरुवातीला फार वाकडा जाईल. इतरांसमोर वाकडा जाईल याची लाज वाटून बरीच मुलं सरावातही चांगलाच पाय वापरतात आणि तिथेच त्यांची वाढ थांबते. अकादमी ही चुकायची जागा आहे, तिथे मनसोक्त चूक.

दुसरं म्हणजे नजर. या खेळात ऑफसाइड नाही आणि मैदानाचं मापही ठरलेलं नाही. लांबी १३५ पासून १८५ मीटरपर्यंत कितीही असू शकते. दोन्ही संघांचे मिळून छत्तीस जण चहूकडून धावत असतात. चेंडू हातात येण्याआधीच डावीकडे कोण, मागे कोण, हे ज्याने पाहिलेलं असतं, तो हँडबॉल, म्हणजे मुठीने ठोसून चेंडू, शांतपणे देतो. वीस मीटरची धाव, उंच उडी, दोन किलोमीटरची शर्यत यांचे आकडे निवडणारे लिहून घेतील. ते महत्त्वाचे आहेतच. पण पंधराव्या वर्षी घड्याळाच्या मागे इतका लागू नकोस की मैदान वाचायचं राहून जाईल.

तिसरं, शरीर. तुझ्या वयोगटात जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच रांगेत उभे राहतात. तुझा जन्म नोव्हेंबरचा. ज्याला दाढी-मिशी आधी फुटली तो यंदा टॅकलमध्ये तुला लोळवेल. त्यावरून स्वतःला कमी समजू नकोस, आणि पुढच्या वर्षी तुझी उंची वाढली म्हणून स्वतःला मोठाही समजू नकोस. उंची झपाट्याने वाढते तेव्हा गुडघ्याच्या वाटीखालचं हाड दुखतं, टाच दुखते. हा वाढीचा भाग आहे, पण ते दुखणं लपवून धावत राहिलास तर आठवड्याचं दुखणं महिन्यांवर जातं.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांचं खरं दुखणं बहुधा एखाद्या धडकेचं नसतं, बेरजेचं असतं. अकादमीचा सराव, शाळेचा संघ, स्थानिक क्लब, त्यात निवड सामने. प्रत्येक प्रशिक्षकाला फक्त आपले तास दिसतात. सगळ्यांची बेरीज तुझ्या शरीरालाच कळते. म्हणून एक वही कर. रोज किती धावलास, किती झोपलास, कुठे दुखतंय, एवढंच त्यात लिही. बेरीज एकाएकी वाढलेली दिसली तर ती वही घेऊन अकादमीच्या फिजिओकडे जा. एक सराव सोडायची परवानगी मागणं कमकुवतपणाचं लक्षण नाही.

डोक्याला मार लागला तर मात्र तडजोड नाही. डोकं गरगरलं, अंधारी आली, प्रकाश सहन होईना, तर त्याच क्षणी मैदान सोड आणि सांग. तुझ्या वयाच्या मुलांसाठी नियम स्पष्ट आहे: लक्षणं पूर्ण गेल्यावर १४ दिवस धडकेचा सराव नाही, आणि सामना मार लागल्यापासून किमान २१ दिवसांनी. पॉली फार्मर हे या खेळातलं केवढं मोठं नाव! त्यांच्या निधनानंतर, २०२० मध्ये, त्यांच्या मेंदूत वारंवारच्या आघातांनी होणारा आजार असल्याचं उघड झालं. त्यांच्या काळी हे कुणाला कळत नव्हतं. आज कळतं, म्हणून आज गप्प राहण्याला माफी नाही. निवड सामना बुडाला तर बुडू दे.

तसंच, डब्यातली पावडर किंवा कुणी दिलेली गोळी विचारल्याशिवाय घेऊ नकोस. एसेंडन क्लबच्या २०१२ च्या पूरक औषधांच्या कार्यक्रमापायी २०१६ मध्ये ३४ आजी-माजी खेळाडूंवर बंदी आली. ते खेळाडू क्लबवर विश्वास ठेवून होते, पण आपल्या शरीरात काय गेलं याची जबाबदारी शेवटी खेळाडूवरच पडते. तुझ्या वयाला वहिनीच्या हातची डाळ, भात, अंडी, दही आणि रात्रीची पुरेशी झोप यांनी भागतं.

एक गोष्ट जड मनाने लिहिते. कधी तरी कुणी तुझ्या रंगावरून किंवा नावावरून बोलेल. १९९३ मध्ये व्हिक्टोरिया पार्कवर आदिवासी खेळाडू निकी विनमारने वर्णद्वेषी शेऱ्यांना उत्तर म्हणून जर्सी वर करून आपल्या त्वचेकडे बोट दाखवलं. १९९५ मध्ये मायकेल लाँग या दुसऱ्या आदिवासी खेळाडूने मैदानावरच्या वर्णद्वेषी शिवीविरुद्ध तक्रार केली आणि त्याच वर्षी लीगने वर्णद्वेषी अपशब्दांविरुद्ध नियम केला. पुढे अ‍ॅडम गुड्ससारख्या, लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक दोनदा जिंकलेल्या, आदिवासी खेळाडूची २०१५ मध्ये हुर्यो उडवली गेली आणि तो खेळ सोडून गेला. लीगने आणि अठराही क्लबांनी माफी मागायला २०१९ उजाडलं. या माणसांनी सोसलं म्हणून आज तुझ्या हातात नियम आहे. तो वापर. त्याच दिवशी प्रशिक्षकाला सांग आणि घरीही सांग. ‘दुर्लक्ष कर, अभ्यासात लक्ष घाल’ असं म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे. दादा तसं म्हणाला तर मला फोन कर, त्याच्याशी मी बोलेन.

अभ्यासाचं मात्र दादा म्हणतो ते खरं आहे. तुझी बारावी, तिलाही तिकडे एचएससीच म्हणतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येईल, आणि ड्राफ्टही नोव्हेंबरात. दोन्ही एकाच वेळी अंगावर येणार हे आजच माहीत आहे, तेव्हा अकरावीपासूनच वेळ वाटून घे. ज्यांची निवड होते त्यांनाही शिकावं लागतं, कारण फुटी तिशीच्या आसपास संपते आणि एखादा गुडघा तिला त्याआधीही संपवतो.

आणि ज्या स्थानिक क्लबने तुला ऑसकिकच्या (लहानग्यांच्या फुटीच्या) वयात पहिला चेंडू दिला, तो सोडू नकोस. अकादमीचा टी-शर्ट अंगावर आला की काही मुलांना जुन्या मैदानावरचे सोबती हळू वाटू लागतात. तुझ्या बाबतीत असं होऊ नये. सकाळी मैदानाच्या रेषा आखणारे आणि पाण्याच्या बाटल्या भरणारे ते आईबाप बिनपगारी राबतात. महिन्यातून एखाद्या सकाळी जाऊन तिथल्या चिमुरड्यांना चेंडू धरायला शिकव. शिकवताना आपलं तंत्रही पक्कं होतं.

हे पत्र दादा-वहिनीलाही वाचायला दे. त्यांना माझं एवढंच सांगणं: सामन्याहून परतताना गाडीत त्याच्या चुका मोजू नका. ते काम प्रशिक्षकाचं आहे, त्यांना करू द्या. घरात त्याला भूक लागली आहे का आणि झोप झाली का, एवढं विचारा.

बाळा, तुझं नाव पुकारलं गेलं तर आम्हाला फार आनंद होईल. नाही पुकारलं, तर तुझ्याजवळ दोन्ही पाय, मैदान वाचणारी नजर, धड शरीर आणि पूर्ण झालेलं शिक्षण असेल, आणि त्यातलं काहीही कुणाला परत घेता येणार नाही. तेव्हा पहिल्या दिवशी वेळेआधी पोहोच, बूट स्वतः पुसून ने, आणि शिकवणाऱ्याचं लक्ष देऊन ऐक.

तुझी,
आत्या