जाम नट आणि खारा वारा

आमची जिप्सी रत्नागिरीत समुद्राच्या तोंडावर उभी असते. इथे पत्र्याच्या आधी गंज चढतो तो नट-बोल्टांना. घरीच पाना चालवताना हाताला जे कळलं, ते मांडतो.

१. आधी तारेचा ब्रश. बाहेर आलेले आटे लख्ख करा. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा खातो. वरचा गंज तसाच ठेवला, तर सुटलेला नटही वाटेत पुन्हा अडतो.

२. तेल आदल्या संध्याकाळी मारा. डब्ल्यूडी-40 मुळात ओलावा हटवण्यासाठी बनलं, त्यामुळे हट्टी नटासाठी गंज सोडवणारं खास तेल बरं. ब्रेकच्या लायनिंगवर मात्र थेंबही नको.

३. फिक्स पाना बाजूला ठेवा. तो दोनच बाजू पकडतो आणि नटाचे कोपरे खातो. सहा कोनांचा सॉकेट घ्या.

४. सोडण्याआधी किंचित आवळा. ऐकायला उलटं वाटेल, पण गंजाची पकड पहिल्यांदा मोडते ती अशीच. मग डोक्यावर हातोडीचे दोन-चार ठोके, आणि आता सोडवायला घ्या. 'कर्र' आवाज आला तर समजा काम होतंय. पाना रबर ताणल्यासारखा मऊ लागला, तर तिथेच थांबा: बोल्ट फिरत नाहीये, पिळला जातोय. अर्धा फेरा सुटला की पाव फेरा परत न्या, तेल सोडा, पुन्हा पुढे. पान्याला पाईप लावून लटकणारे शूर वीर असतात. तुटलेला बोल्ट ड्रिल करून काढायलाही तेच पुढे येतील तर बरं!

५. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करायचे. जॅकवर नाही.

६. जिप्सीचा मागचा ड्रम निघत नसेल तर ठोकत बसू नका. ड्रमवर आट्यांची दोन रिकामी भोकं असतात. हँडब्रेक सोडा, चाकांना ओट लावा आणि त्या भोकांत 8 मिलिमीटरचे बोल्ट आलटून पालटून आवळत जा. ड्रम आपोआप बाहेर ढकलला जातो.

७. शेक द्यायचा तर नटाला द्या, बोल्टला नाही. पोलादी बोल्ट अ‍ॅल्युमिनियमच्या भागात बसला असेल, तर भोवतालचा भाग तापवा. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुलतं. पेट्रोलची टाकी, ब्रेकचे पाईप किंवा रबर जवळ असेल, तर ज्योत पेटवायचीच नाही.

८. ब्रेकचं ब्लीडर निपल आतून पोकळ असतं, पटकन मोडतं. हलक्या ठोक्यांनी आणि तेलाने नाही हललं, तर मी सरळ गॅरेज गाठतो.

९. परत बसवताना आट्यांना कॉपर ग्रीस लावा. चाकाचे नट मात्र कोरडेच ठेवा. ग्रीस असलं की तेवढ्याच जोरात नट जास्त आवळला जातो आणि स्टड ताणला जातो.