निघण्याआधी, मोबाइल हातात असताना

चि. सानिका हिस,


मास्टर्ससाठी जर्मनीला जायचं ठरल्यापासून तुझा मोबाइल जर्मनीने भरून गेलाय, असं वहिनी सांगत होती. ते व्हिडिओ बंद कर, असं सांगायला हे पत्र नाही. परक्या शहराची धास्ती कमी करायचं काम ते फार चांगलं करतात. स्टेशनवर तिकिटाचं यंत्र कसं वापरायचं, बाजार कसा असतो, हे घरबसल्या दिसतं आणि पाय ठेवण्याआधीच ते गाव थोडं आपलं वाटायला लागतं. हा आनंद खुशाल घे. माझं म्हणणं एवढंच की, जे मजेसाठी बघायचं त्याच्यावरच तयारीची सगळी भिस्त ठेवली, तर मजा जाते आणि तयारीही कच्ची राहते.

ब्लॉक्ड अकाउंटचंच बघ. व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची रक्कम या खात्यात आधी भरावी लागते आणि तिथे पोहोचल्यावर ती दरमहा थोडी थोडी हातात येते. पूर्वी ही रक्कम 10,332 युरो होती. 2023च्या सुरुवातीला ती 11,208 झाली आणि सप्टेंबर 2024पासून 11,904, म्हणजे महिन्याला 992. हे तिन्ही आकडे सांगणारे व्हिडिओ आजही सापडतात, आणि त्यातलं कुणीही खोटं बोललेलं नाही. बोलले त्या दिवशी ते खरंच होतं. नियम बदलला, व्हिडिओ तसाच राहिला, आणि खूप जणांनी पाहिलेला म्हणून तोच तुझ्यासमोर आधी येण्याचा संभव जास्त. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात दीड हजार युरोंहून जास्त अंतर आहे. शैक्षणिक कर्ज मंजूर झाल्यावर ते लक्षात आलं, तर ऐन वेळी दादाची धावपळ होईल. ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे वाक्यही याच जातीचं. बहुतेक सरकारी विद्यापीठांत सेमिस्टरचं किरकोळ शुल्क सोडलं तर ते आजही खरं आहे. पण बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना 2017पासून दर सेमिस्टरला 1,500 युरो भरावे लागतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने 2024च्या हिवाळी सत्रापासून अशा नव्या विद्यार्थ्यांना मास्टर्ससाठी सेमिस्टरला 4,000 ते 6,000 युरो फी लावली. मी लिहिलेले आकडेसुद्धा तू अर्ज करशील तेव्हा लागू असतीलच असं धरू नकोस. त्या आठवड्यात दूतावासाच्या आणि विद्यापीठाच्या संकेतस्थळावर स्वतः वाच.

जुने आकडे ही त्यातल्या त्यात सोपी अडचण. मोठी अडचण अशी की, रीलमध्ये जागा मिळते ती दिसायला चांगल्या गोष्टींना, आणि तुझे पहिले दोन महिने ज्यावर अवलंबून आहेत ते कागद दिसायला अगदीच रूक्ष असतात. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवायचा असतो, ज्याला तिथली मुलं अनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाची लेखी पुष्टी लागते. ती नसेल तर नोंदणी अडते, नोंदणी अडली की टॅक्स नंबर लांबतो आणि निवास परवान्याचं कामही खोळंबतं. म्हणून ‘खोली देतो, पण नोंदणी करता येणार नाही’ असं म्हणणाऱ्याची खोली स्वस्त मिळाली तरी ती महागच. फसवणूकही याच ठिकाणी होते. जाहिरातीत सुंदर फोटो, भाडं कमी, मालक ‘सध्या दुसऱ्या देशात’, आणि डिपॉझिट पाठवलं की किल्ली कुरिअरने येणार, असा त्याचा ठरलेला साचा आहे. खोली कुणीतरी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय आणि करार वाचल्याशिवाय एक युरोही पाठवू नकोस. कायद्याने डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, हेही ध्यानात ठेव.

यावर तू म्हणशील, सरकारी पानं वाचून काही कळत नाही. तिथे राहणाऱ्यांनाच खरं ठाऊक असतं. पुष्कळ बाबतींत हे मला मान्य आहे. तूरडाळ कुठे मिळते, कुकर इथून न्यावा की नाही, थंडीचं जॅकेट कुठे घ्यावं, हे तिथल्या मराठी मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जितकं चांगलं कळेल तितकं कुठल्याच कार्यालयात कळणार नाही. मी फरक करते तो एकाच प्रश्नावर: माहिती चुकली तर काय जाईल? डाळ महाग पडली तर चार पैसे जातील. आठवड्याला किती तास काम करता येतं हे चुकलं तर परवाना धोक्यात येईल. दुसऱ्या प्रकारच्या गोष्टी ग्रुपवर जरूर विचार, पण सोबत ‘तू कुठल्या वर्षी गेलीस, कुठल्या शहरात?’ हेही विचार, आणि मिळालेलं उत्तर मूळ नियमाशी ताडून बघ.

भाषेच्या बाबतीत मात्र मजा आणि तयारी हातात हात घालून चालतात. मॅक्स म्युलर भवनचा वर्ग चालू ठेव, आणि फीडमध्ये जर्मनीबद्दल इंग्रजीत बोलणाऱ्यांपेक्षा जर्मनमध्ये स्वयंपाक करणारे, फुटबॉलवर वाद घालणारे लोक येऊ देत. डॉइचे वेलेचा ‘निकोस वेग’ हा अभ्यासक्रम फुकट आहे आणि गोष्टीसारखा बघता येतो.

तूही तिथून फोटो टाकशील. टाकावेसच, इकडे सगळे वाट बघतील. व्हिसाचं पान आणि बोर्डिंग पास मात्र टाकू नकोस; पासवरच्या बारकोडमधून बुकिंगचा तपशील वाचता येतो. आणि ट्राममधल्या अनोळखी माणसाचा चेहरा त्याला विचारल्याशिवाय प्रसिद्ध करू नकोस. 1898मध्ये बिस्मार्कच्या मृत्युशय्येचा फोटो दोन छायाचित्रकारांनी चोरून काढला, त्यावरून तिथे गदारोळ झाला, आणि 1907च्या कायद्याने माणसाचा स्वतःच्या छबीवरचा हक्क मान्य केला. तो आजही लागू आहे आणि लोक तो गंभीरपणे घेतात.

प्रवेशपत्र हाती येईल त्याच दिवशी वसतिगृहाचा अर्ज भर. मोठ्या शहरांत प्रतीक्षायादी लांब असते, आणि खोली हातात असली की बाकीची बरीच कामं सोपी होतात.

तुझी,
आत्या