माशाच्या अंगातलं रक्त आणि लिलावातला दर



गेल्या आठवड्यात जेटीवर दोन होड्यांच्या सुरमया शेजारी शेजारी लिलावाला लागल्या. आकार सारखा, पकडल्याची वेळही जवळपास एकच. तरी एकीला चांगला दर आला, दुसरीला कमी. कमी दर मिळालेल्या सभासदाने ऑफिसात येऊन विचारलं, "सेक्रेटरी, मासा ताजा होता, मग असं का?" चौकशी केली तेव्हा कळलं, पहिल्या होडीवर मासा जिवंत असतानाच त्याचं रक्त काढलं होतं. म्हणून आजचा हा पाठ.

आधी रक्त फिरतं कसं ते बघू. माणसाच्या हृदयाला चार कप्पे. रक्त फुप्फुसात जाऊन परत हृदयात येतं आणि तिथून पुन्हा जोर घेऊन अंगभर जातं. माशाच्या हृदयाला मुख्य कप्पे दोनच. हृदय रक्त कल्ल्यांत ढकलतं. तिथे ते पाण्यातला प्राणवायू घेतं आणि हृदयात परत न येता तसंच पुढे अंगभर जातं. पूर्ण फेरी झाल्यावरच हृदयात येतं.

कल्ल्यांच्या पाकळ्यांत केसाहून बारीक रक्तवाहिन्या असतात, म्हणून ते लालभडक दिसतात. पाणी पाकळ्यांवरून एका दिशेने जातं, आतलं रक्त उलट दिशेने. हवेपेक्षा पाण्यात प्राणवायू फार कमी, पण या उलट्या वाहण्यामुळे मासा त्यातला बराचसा ओढून घेतो.

आता आपल्या कामाची गोष्ट. हृदयातून निघालेलं रक्त आधी कल्ल्यांतच जातं, आणि हृदय कल्ल्यांच्या लगेच मागे, गळ्याखाली असतं. तिथे कापलं की माशाचं हृदय हाच आपला पंप. तोच रक्त बाहेर टाकतो. पण मासा मेला की पंप बंद. मग रक्त गोठतं, मांसात राहतं, मांसावर डाग दिसतात आणि वास लवकर येतो.

सुरमई, कुपा अशा मोठ्या माशांसाठी एवढं करा:

१. मासा वर आला की डोक्यावर एक नेमका घाव घालून शांत करा. तडफडू देऊ नका. तडफडला की मांस आपटतं आणि खराब होतं.

२. लगेच धारदार सुरीने कल्ल्यांच्या कमानी कापा.

३. डोकं खाली करून स्वच्छ समुद्राच्या पाण्यात ठेवा. रक्त थांबलं की बाहेर काढा. पाण्यात विसरू नका.

४. आतडी काढा, पोट धुवा, पोटातही बर्फ भरा.

५. मासा आणि बर्फ निम्मे-निम्मे. क्रेटला खाली भोक हवं, वितळलेलं पाणी साचता कामा नये.

कुपा चिरल्यावर मधे काळपट लाल पट्टा दिसतो. रक्त काढलं तरी तो जात नाही. सतत पोहणाऱ्या माशाचं ते मांस, त्याला प्राणवायू जास्त लागतो, म्हणून रक्तवाहिन्या आणि लाल रंगद्रव्य तिथे जास्त. तो दोष नव्हे.

बांगडा हजारोंनी येतो, एकेक कापणं शक्य नाही. तिथे बर्फ हाच उपाय. बांगडा आणि कुपा उन्हात राहिले तर जंतूंमुळे मांसात हिस्टामिन तयार होतं. खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात, डोकं दुखतं. शिजवून किंवा तळूनही ते जात नाही. त्यामुळे इथे प्रश्न नुसत्या दराचा नाही, आपला मासा खाणाऱ्याच्या तब्येतीचा आहे.

तांडेलांनी हा पाठ आपल्या खलाशांना जरूर वाचून दाखवावा. कल्ले कुठे कापायचे ते प्रत्यक्ष बघायचं असेल तर लिलाव संपल्यावर मला जेटीवर भेटा, मासा हातात घेऊन दाखवतो.

आपला,
सेक्रेटरी