जाळं तुटणार, हे धरूनच आखा

शिरगावात आणि एकूणच बदलापुरात फायबरचं जाळं टाकणाऱ्यांना, आणि ते आपल्या इमारतीत घेणाऱ्या सोसायटीच्या कमिटीलाही, माझं पहिलं सांगणं एकच आहे: केबल तुटणार हे धरूनच आखणी करा. जाहिरातीतला वेग विकायला सोपा असतो, पण त्यावरून जाळ्याचा भरवसा कळत नाही. तो कळतो लाइन गेली त्या दिवशी. किती घरं एकदम बंद पडली, तुटल्याची जागा किती वेळात सापडली आणि तोवर दुसरी वाट होती का, या तीन प्रश्नांची उत्तरं आखणीच्या कागदावरच ठरलेली असतात. २००१ च्या जनगणनेत लाखाच्या आत असलेलं कुळगाव-बदलापूर २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास पोहोचलं, आणि त्यानंतरही इमारती वाढतच राहिल्या. अशा गावात रस्ता एकदा करून संपत नाही. आज गटार, उद्या पाण्याची लाइन, परवा काँक्रीटीकरण, असं खोदकाम चालूच राहतं. जेसीबीच्या दाताला खालची केबल कोणाची आहे हे कळत नाही. म्हणून ‘तुटू नये’ एवढ्याच आशेवर आखलेलं जाळं इथे टिकत नाही, हे मी ठामपणे सांगतो.

पहिली चूक प्रकाशाच्या हिशेबात होते. घरोघरी येणारं फायबर बहुधा जीपॉन पद्धतीचं असतं. कंपनीच्या केंद्रातल्या ओएलटी या उपकरणाच्या एका पोर्टमधून निघालेला प्रकाश स्प्लिटरमधून वाटला जातो आणि अनेक घरांना पुरवला जातो. सर्रास वापरल्या जाणाऱ्या बी-प्लस वर्गाच्या उपकरणांना वाटेत २८ डेसिबलपर्यंतची घट चालते. आता शिरगावातल्या एखाद्या इमारतीचा हिशेब मांडून पाहा. केंद्र ३ किलोमीटरवर असेल तर काचेतली घट जेमतेम १ डेसिबल. आठाचे दोन स्प्लिटर एकामागून एक लावून ६४ घरं जोडली तर त्यांतच सुमारे २१ डेसिबल जातात. कनेक्टर आणि जॉइंट मिळून आणखी ३ धरा. बेरीज २५ झाली, हातात उरले ३. कागदावर हे पास आहे, आणि पहिल्या दिवशी चालतंही. पण दर ३ डेसिबलला प्रकाश निम्मा होतो. दोनदा केबल तुटून जोडली गेली, एका घरात कपाटामागे ड्रॉप वायर, म्हणजे घरात येणारी शेवटची केबल, मुडपली, कनेक्टरच्या टोकावर धूळ बसली, की ती शिल्लक संपते. मग ‘कधी चालतं, कधी जातं’ अशी तक्रार सुरू होते, आणि तिचं कारण शोधणं सरळ तुटलेल्या लाइनपेक्षा अवघड असतं. तेच ३२ घरांवर थांबलात तर घट तीनेक डेसिबलनं कमी होते आणि दुरुस्त्यांना जागा राहते. हा प्रकाश ज्या गाभ्यातून जातो तो जेमतेम ९ मायक्रॉनचा, केसापेक्षा कितीतरी बारीक. म्हणून कनेक्टर प्रत्येक वेळी पुसूनच लावायचा, ही शिस्त महागड्या उपकरणाइतकीच मोलाची आहे.

दुसरी चूक वाटेची. रेल्वेच्या रुळांनी बदलापूरचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले आहेत, आणि रूळ ओलांडायच्या जागा मोजक्याच आहेत. नकाशावर दोन रेघा काढून ‘आमची रिंग आहे’ म्हणणाऱ्यांच्या दोन्ही केबल त्याच पुलावरून, एकाच पाइपातून जात असतील, तर ती रिंग एका घावात तुटते. पश्चिमेला उल्हास नदी आहे. २६ जुलै २००५ चा पूर इथल्या लोकांना सांगावा लागत नाही. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना सोडवावं लागलं. काच पाण्याला घाबरत नाही, पण जॉइंट क्लोजरमध्ये, म्हणजे जोडावरच्या डबीत, शिरलेलं पाणी आणि तळमजल्यावर बसवलेलं विजेवरचं उपकरण मात्र घात करतं. म्हणून उपकरण पुराच्या रेषेच्या वर ठेवा. दुसरी वाट खरोखर दुसऱ्या रस्त्यानं न्या. आणि वीज गेल्यावर केंद्राची बॅटरी किती तास टिकते, हे पावसाळ्याआधी प्रत्यक्ष भार देऊन तपासा.

यावर नेहमी येणारा आक्षेप खर्चाचा. महिन्याला चारपाचशे रुपयांच्या ग्राहकासाठी दुहेरी वाट परवडणार कशी? आक्षेप खरा आहे, पण तो प्रत्येक घरापर्यंत दुहेरी केबल नेण्याला लागू होतो. तेवढं कोणी मागतच नाही. बारा धाग्यांची एक मुख्य केबल, प्रत्येक धाग्यावर ३२ घरं, म्हणजे एका घावात ३८४ घरं अंधारात. दुहेरी सोय तेवढ्याच मुख्य टप्प्याला हवी. दोन प्रवेशांचे स्प्लिटर बाजारात मिळतात, आणि त्यांना दोन वेगळ्या वाटांनी दोन पोर्ट जोडता येतात. स्प्लिटरच्या पुढे एक घर बंद पडलं तर ते एकच घर असतं. दुसरा आक्षेप असा, की जमिनीखालून नेलेली केबल खोदकामात तुटते, मग खांबावरूनच का नेऊ नये? अरुंद गल्लीत तो मार्ग मलाही मान्य आहे, कारण तुटलेलं डोळ्यांना दिसतं. मात्र महावितरणच्या तारांजवळून जाणारी केबल धातू नसलेलीच हवी, आणि परवानगीशिवाय खांब वापरायचा नाही. जमिनीखालच्या मार्गासाठी केंद्र सरकारनं मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आणलं. खोदणाऱ्यानं त्यावर आधी कळवायचं, म्हणजे खालच्या केबलवाल्याला निरोप जातो. पण आपली केबल नेमकी कुठून गेली आहे हे आपल्यालाच माहीत नसेल, तर त्या निरोपाला उत्तर काय देणार?

इथेच सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम येतं: नोंद. ओटीडीआर, म्हणजे तुटल्याची जागा मोजणारं यंत्र, लावलं की ते सांगतं, केबल १,८४० मीटरवर तुटली आहे. पण हे काचेतलं अंतर असतं, रस्त्यावरचं नव्हे. प्रत्येक जॉइंटपाशी वीस मीटरची लूप गुंडाळून ठेवली असेल आणि तसे पाच जॉइंट वाटेत असतील, तर रस्त्यावर १,७४० मीटरवर पाहायचं. लुपांची नोंद नसली की माणसं शंभर मीटर पुढे खणत बसतात. म्हणून काम पुरं झाल्या दिवशीच प्रत्येक धाग्याचं मोजमाप, जॉइंटची जागा, लुपेची लांबी आणि कोणत्या रंगाचा धागा कुठल्या स्प्लिटरला गेला हे लिहून ठेवा. केबल ज्याच्या डोक्यात आहे तो माणूस नोकरी सोडून गेला, की जाळ्याचा नकाशाही त्याच्याबरोबर जातो.

काहीजण म्हणतात, आता बिनतारी इंटरनेट घरात येतंय, फायबरची एवढी काळजी कशाला? पण मोबाइलच्या मनोऱ्यालाही मागून बहुतेक वेळा फायबरच लागतं आणि वीजही लागते. भार वाढला की प्रश्न तोच राहतो, फक्त एक पायरी मागे सरकतो. तेव्हा सोसायटीच्या कमिटीनं करार करताना वेगाच्या आधी हे विचारावं: एका पोर्टवर किती घरं आहेत, आमच्या घरात आज प्रकाशाची किती शिल्लक उरते, मुख्य केबलची दुसरी वाट कुठल्या रस्त्यानं येते, आणि केंद्राची बॅटरी किती तास चालते. उत्तरं लेखी मागावीत. आणि आखणाऱ्यानं ती कोणी विचारण्याआधीच लिहून तयार ठेवावीत. ज्याला ती देता येतात त्याचीही केबल कधीतरी तुटेल, पण त्याची लाइन लवकर सुरू होईल.