दुखायचं थांबलं म्हणजे कण निघाला, असं नाही

शनिवारी संध्याकाळी डोळ्यात कण जातो आणि पेशंट माझ्याकडे मंगळवारी येतो. मधल्या दिवसांत काय केलं, असं विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. डोळा चोळला, धुतला, मित्राने रुमालाच्या टोकाने कण काढून पाहिला, केमिस्टने एक ड्रॉप दिला, आणि मग "दुखायचं थांबलं म्हणून थांबलो, डॉक्टर". हे शेवटचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे, की आजचं सगळं सदर त्या एका वाक्यावरच खर्च करणार आहे.

पूर्वी ते वाक्य ग्रिल आणि शटरं बनवणाऱ्या पोरांकडून यायचं. आता इंजिनिअरिंगच्या मुलांकडूनही येतं. सुट्टी लागली की जुन्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट बाहेर काढायचं, त्याच्या बाजूच्या पत्र्यात चौकोनी खिडकी कापायची, तिथे ॲक्रिलिकची शीट बसवायची, म्हणजे आतले दिवे आणि पंखे बाहेरून दिसतात. छंद चांगला आहे. माप घ्यावं लागतं, हात स्थिर लागतो, चुकलं की पत्रा वाया जातो. कुणाही मुलाच्या हातून तो काढून घ्यावा असं मला वाटत नाही. पण ग्राइंडर काकांच्या वर्कशॉपमधून मागून आणता येतो. तिथल्या कारागिराचा दहा वर्षांचा सराव मागून आणता येत नाही, आणि गॉगल तर आणायचाच राहून जातो.

एका मुलाची हकिगत सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. वय एकोणीस. त्याने ग्राइंडर वापरलाच नव्हता, जिगसॉ वापरला होता. जिगसॉचं पातं पत्र्यात शिरायला आधी कोपऱ्यात भोक पाडावं लागतं, आणि ड्रिलचं टोक पत्र्यावरून घसरू नये म्हणून तिथे पंच ठेवून हातोड्याने खूण करावी लागते. पंच घरातला जुनाच होता. ठोकून ठोकून त्याचं डोकं छत्रीसारखं पसरलेलं, कडा तडकलेल्या. तिसऱ्या ठोक्याला उजव्या डोळ्यात काहीतरी टोचल्यासारखं झालं. त्याने डोळ्यावर पाणी मारलं, पाच मिनिटांत बरं वाटलं. मग त्याने पूर्ण खिडकी कापली, कानस मारली, जेवला आणि झोपला. दुसऱ्या दिवशी त्या डोळ्यापुढे एक काळा ठिपका तरंगू लागला. तिसऱ्या दिवशी आईने हट्ट धरला म्हणून दोघे आले. वडील म्हणाले, "डॉक्टरसाहेब, त्याला काहीच दुखत नाही, ही उगाच घाबरते."

तक्त्यावरची शेवटून दुसरी ओळ त्याने वाचली. डोळा जेमतेम लाल होता. स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासायच्या मायक्रोस्कोपखाली, पाहिलं तर पुढच्या पारदर्शक पडद्याच्या कडेला केसाएवढी बारीक चीर होती, आपोआप मिटलेली, आणि तिच्या मागे बुबुळात टाचणीच्या टोकाएवढं छिद्र. सीटी स्कॅन केला तेव्हा लोखंडाचा कपचा डोळ्याच्या अगदी मागे, रेटिनाजवळ बसलेला दिसला. त्याच रात्री त्याला रेटिनाच्या सर्जनकडे पाठवलं, सकाळी शस्त्रक्रिया झाली, दृष्टी वाचली. वाचली ती आईच्या हट्टामुळे. मुलाच्या आणि वडिलांच्या मताने चालले असते तर ते आठवड्याने आले असते, आणि तेव्हा त्यांना काय सांगायची वेळ आली असती याचा विचार मला आजही नकोसा वाटतो.

त्याला दुखलं का नाही? डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, शरीरातल्या सर्वांत हळव्या भागांपैकी एक आहे. तिथे वेदनेच्या नसांचं दाट जाळं असतं, म्हणून वर अडकलेला साधा धुळीचा कणही माणसाला बसू देत नाही. पण हा पडदा मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड आहे. वेगाने आलेला लहान, धारदार तुकडा तो ओलांडून क्षणात पलीकडे जातो. पलीकडे भिंग, त्यामागे जेलीसारखा द्रव, त्यामागे रेटिना. यांपैकी कशालाही दुखणं कळत नाही. वर अडकलेला कण ओरडतो, आत गेलेला कण गप्प बसतो. म्हणजे जो जास्त धोक्याचा, तोच कमी दुखतो. हे एवढं वाचून लक्षात राहिलं तरी माझा आजचा लेख कारणी लागला असं मी समजेन.

आत बसलेलं लोखंड स्वस्थ राहत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांतली भीती जंतूंची: तुकड्याबरोबर ते आत शिरले तर डोळ्यात पू होतो आणि दृष्टी तासागणिक उतरते. जंतू नसले तरी लोखंड हळूहळू विरघळतं, गंज आतल्या थरांत मुरतो, मोतीबिंदू होतो, बुबुळाचा रंग तपकिरी होतो, रेटिना निकामी होत जाते. याला महिने लागतात, कधी वर्षं. तोपर्यंत तो ठोका कुणाला आठवतही नसतो.

सगळ्यांच्या डोळ्यात कपचा घुसतो असं नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचा कण कॉर्नियाच्या वरच्या थरात रुतलेला असतो, आणि तो काढणं हे आमचं रोजचं काम आहे. बधिर करणारा थेंब टाकायचा, स्लिट लॅम्पखाली बारीक सुईच्या टोकाने कण उचलायचा. काही मिनिटांत पेशंट उठतो, आणि वरचं खरचटणं साधारण एक-दोन दिवसांत भरून येतं. सुई म्हटल्यावर मुलं घाबरतात, पण त्यांना दुखत नाही. लवकर आलात तर गोष्ट इतकी साधी आहे. उशीर केला की लोखंडाभोवती काही तासांतच गंजाचं कडं धरायला लागतं. मग कण निघाला तरी कडं खरवडावं लागतं, आणि ते मध्यभागी असेल तर कॉर्नियावर कायमचा डाग राहू शकतो.

आता त्या मधल्या दिवसांतल्या उद्योगांबद्दल बोलतो, आणि इथे मला राग आवरत नाही.

प्रत्येक वर्कशॉपमध्ये एक "कण काढणारा" असतो. हात स्थिर असतो त्याचा, मदत करण्याची इच्छाही खरी असते. पण आगपेटीच्या काडीला कापूस गुंडाळून, कधी त्याशिवायच, तो ज्या डोळ्यात काम करतो आहे तिथे कण वर आहे की आत, हे त्याला दिसत नाही. काडीने वरचा थर सोलला जातो, जंतू आत जातात, आणि चार दिवसांनी कॉर्नियावर पांढरा ठिपका घेऊन माणूस माझ्यापुढे बसतो. तो पांढरा ठिपका म्हणजे अल्सर. कण काढायला पाच मिनिटं लागली असती. अल्सरला कित्येक आठवडे लागतात, आणि मागे फूल राहतं ते वेगळंच.

दुसरं, केमिस्टचा ड्रॉप. "लाली आणि दुखण्यावर काहीतरी द्या" असं म्हटलं की पुष्कळदा स्टेरॉइड असलेला ड्रॉप हातात पडतो. त्याने लाली जाते, दुखणं दबतं, आणि त्या शांततेखाली जंतू किंवा बुरशी निवांत वाढत राहते. काही जण तर दवाखान्यात टाकतात तो बधिर करणारा थेंबच कुठून तरी मिळवतात. तो घरी वापरायचा नसतो. त्याने जखम भरणं थांबतं, आणि काही दिवसांच्या वापराने कॉर्निया विरघळूही शकतो. दोन्ही ड्रॉप नेमकं तेच करतात ज्याच्यावर तुम्ही भरवसा ठेवता: दुखणं बंद करतात.

तिसरं, मोबाइलवर पाहिलेलं चुंबक. आमचे रेटिनाचे सर्जन शस्त्रक्रियेत काही वेळा चुंबकी उपकरण वापरतात हे खरं आहे, पण ते डोळ्यात वाट करून, मायक्रोस्कोपखाली, तुकडा डोळ्यासमोर दिसत असताना. जुन्या स्पीकरचं चुंबक पापणीला लावून काही बाहेर येत नाही. आतला तुकडा मात्र हलला तर जिथून सरकतो तिथे चिरतो. मध, गुलाबपाणी, तूप, आईचं दूध, यांपैकी काहीही जखमी डोळ्यात घालू नका. आजी प्रेमाने सांगते, तिला दुखवू नका. पण डोळ्यात घालू नका.

मग करायचं काय? साध्या पकडीच्या किंवा कापण्याच्या कामात कण गेला, तर चोळू नका. हात धुवा, स्वच्छ पाण्याची हलकी धार सोडा, पापण्या मिटा-उघडा. दहा-पंधरा मिनिटांत पूर्ण बरं वाटलं नाही, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. आणि बरं वाटलं तरी एक तपासणी घरीच करा: एकेक डोळा तळहाताने झाका, दाबू नका, आणि भिंतीवरच्या कालनिर्णयची बारीक अक्षरं दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळी वाचा. दोन्ही डोळे उघडे असताना एकाची दृष्टी कमी झालेली माणसाला कळतच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वाचा.

हातोड्याने धातूवर धातू ठोकताना काही लागलं, किंवा फिरती चकती फुटली, तर ही सवलत नाही. दुखो न दुखो, थेट दवाखाना. नजर किंचितही धूसर होणं, ठिपके किंवा जाळं तरंगणं, बाहुली गोल न राहता एका बाजूला ओढल्यासारखी दिसणं, बुबुळापुढे रक्त साचणं, डोळ्यातून अचानक कोमट पाणी ओघळल्यासारखं वाटणं, यांतलं एक जरी असलं तरी धुवू नका, थेंब टाकू नका, कापसाची पट्टी दाबून बांधू नका. कागदी कपाचा तळ कापून तो डोळ्यावर झाकणासारखा ठेवा, कडा कपाळाला आणि गालाला टेकतील, डोळ्याला नाही, आणि चिकटपट्टी लावा. शस्त्रक्रिया लागू शकते म्हणून काही खाऊ-पिऊ नका. गाडी दुसऱ्याने चालवावी.

आता कापणाऱ्यांसाठी. ग्राइंडरची ठिणगी म्हणजे नुसता उजेड नव्हे, तो जळता लोखंडी कण आहे. आपल्याकडच्या चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते. हिशेब केला तर तिच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर जातो. नंबरच्या चष्म्याच्या बाजू उघड्या असतात, त्याची काच या वेगासाठी बनवलेली नसते, आणि "मला चष्मा आहेच" म्हणणाऱ्यांचे कण मी दर महिन्याला काढतो. चष्म्यावरून बसेल असा, बाजूंनी बंद, पॉलिकार्बोनेटचा गॉगल घ्या. त्यावर आयएस ५९८३ किंवा झेड ८७ प्लस अशी खूण पाहून घ्या. ग्राइंडर असेल तर त्यावर चेहऱ्याची ढालही हवी. ढाल गॉगलच्या जोडीला असते, बदल्यात नाही.

कॅबिनेटचा पत्रा साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ असतो. एवढ्यासाठी ग्राइंडर मुळात कशाला लागतो, हे मला कळत नाही. धातूचं बारीक दातांचं पातं लावलेला जिगसॉ पुरतो. ठिणग्या उडत नाहीत, पण कीस उडतो, म्हणून गॉगल तिथेही घाला. ग्राइंडरच वापरायचा तर गार्ड काढू नका, आणि चकतीवर छापलेला वेग मशीनच्या वेगापेक्षा कमी नाही ना, हे पाहा. लाकडाचं दातेरी पातं ग्राइंडरला लावणाऱ्यांची बोटं माझे हाडांचे मित्र जोडत असतात. छोट्या रोटरी मशीनच्या पातळ चकत्या जराशा तिरक्या झाल्या तरी मोडतात, तुकडा सरळ तोंडाकडे येतो. आतला बोर्ड, पॉवर सप्लाय, सगळं आधी बाहेर काढा, पत्रा दोन्ही बाजूंनी क्लॅम्पने घट्ट धरा. फिरत्या हत्यारापाशी कापडी हातमोजे घालू नका, ते गुंडाळले जातात. कापलेला पत्रा उचलताना आणि कानस मारताना मात्र जाड मोजे घाला. डोकं पसरलेला पंच किंवा छिन्नी आधी घासून नीट करा, नाहीतर फेकून द्या.

शेजारी मोबाइल धरून चित्रीकरण करणारा धाकटा भाऊही त्या ठिणग्यांच्या रेषेतच उभा असतो. गॉगल दोन आणा. आणि काम संपलं की गॉगल लगेच काढू नका. बरेच कण तर नंतर जातात: केसांतून, भुवयांवरून, घाम पुसताना, किंवा ब्लोअरने कीस उडवताना. कीस ब्रशने गोळा करा, कपाळ आणि केस ओल्या फडक्याने पुसा, हात धुवा, मग गॉगल उतरवा.

त्या मुलाची फाइल परवा तपासणीला पुन्हा माझ्यापुढे आली. तिच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवलं आहे की उजव्या डोळ्यातून लोखंडाचा तुकडा काढलेला आहे, कधी आणि कुणी. तुमच्याबाबतीत असं घडलं असेल तर तुम्हीही लिहून ठेवा. एमआरआयचं चुंबक डोळ्यात राहिलेलं लोखंड हलवू शकतं, म्हणून त्या खोलीच्या दारात प्रत्येकाला विचारतात, डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का. गुडघ्याच्या एमआरआयला निघालेला पन्नाशीचा माणूस "नाही" म्हणून मोकळा होतो, कारण तेव्हा त्याला काही दुखलं नव्हतं.