‘पासून’ म्हणजे नेहमीच ‘सिन्स’ नव्हे

प्रश्न : मला इंग्रजी वाचलेलं समजतं, पण बोलताना सिन्स, फॉर, विथ, ऑन यांत हमखास चूक होते. काय करावं?

उत्तर : ही चूक निष्काळजीपणाची नाही, ती मराठीतून येते. आपण मनातल्या मराठी प्रत्ययाला इंग्रजी जोडीदार शोधतो. ‘तिच्याशी लग्न झालं’ यातल्या ‘शी’मुळे ‘मॅरिड विथ’ तोंडात येतं. बरोबर रूप ‘मॅरिड टू’. ‘विषयावर चर्चा’ म्हणून आपण ‘डिस्कस ऑन’ म्हणतो; खरं तर ‘डिस्कस द टॉपिक’ एवढंच पुरतं.

सर्वांत फसवा शब्द ‘पासून’. ‘२०१९पासून’ म्हणजे ‘सिन्स २०१९’, पण ‘पाच वर्षांपासून’ म्हणजे ‘फॉर फाइव्ह इयर्स’. मराठीत दोन्हीकडे ‘पासून’च आहे. इंग्रजीत मात्र सुरुवात सांगायची तर सिन्स, आणि किती काळ ते सांगायचं तर फॉर.

म्हणून क्रियापद एकटं पाठ करू नका. ‘लिसन टू’, ‘डिपेंड ऑन’, ‘वेट फॉर’ अशा जोड्या वहीत लिहा आणि प्रत्येकीचं स्वतःच्या दिनक्रमातलं एक वाक्य रोज मोठ्यानं म्हणा. कानाला जोडीची सवय झाली, की जीभ आपोआप सुधारते.